८ इंची डॉब्सोनियन, एक उन्हाळा वापरून: कन्या क्लस्टरच्या स्पायरल गॅलेक्स्यांसाठी घ्यावा का?

आधी एक गोष्ट सांगून टाकते म्हणजे नंतर कुणाची निराशा नको. ह्या टेलिस्कोपमधून गॅलेक्सी रंगीत दिसत नाही. निळे हात, गुलाबी ठिपके, ते सगळं फोटोत. डोळ्याला दिसतो राखाडी धुरकट डाग, तोही तिरक्या नजरेने बघितला तर. हे माहीत असूनच मी घेतला आणि मार्च ते मे अशा तीन अमावास्या शेतावर काढून आता लिहितेय की माझे पैसे वसूल झाले. पण कसे वसूल झाले ते सांगायला जरा लांबण लागणार, कारण नेटवर जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे शनीची कडी, गुरूचे पट्टे आणि चंद्राचे खड्डे यांच्यावर, आणि मी तर घेतला होता गॅलेक्स्यांसाठी, त्यातही कन्या राशीतल्या क्लस्टरमधल्या, म्हणजे गॅलेक्स्यांच्या मोठ्या घोळक्यातल्या, स्पायरल (गरगर वळलेल्या हातांच्या चपट्या) गॅलेक्स्यांसाठी.

हे वेड लागलं दोनेक वर्षांपूर्वी एक व्याख्यान ऐकून. क्लस्टरमध्ये राहणाऱ्या स्पायरल गॅलेक्सीचा गॅस निघून जातो आणि मग तिच्यात नवे तारे जन्मायचे बंद होतात. जुने तारे जागेवर, आकार बराचसा तसाच, फक्त गॅस गेला. बाहेर एकटी राहणारी तशीच स्पायरल मात्र गॅस बाळगून असते, दरवर्षी नवे तारे काढत असते (आपली आकाशगंगा वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांच्या वजनाचे नवे तारे बनवते). सारख्याच घडणीच्या दोन बहिणी, एक नांदती आणि एक विझत चाललेली, आणि फरक कशाचा तर कुठल्या वस्तीत राहते त्याचा. हे ऐकल्यापासून ते डोक्यातून जाईचना. आणि आपल्याला सगळ्यात जवळचं मोठं क्लस्टर म्हणजे हेच कन्येचं, सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराच्या वर गॅलेक्स्या, त्यामुळे साध्या दुर्बिणीतून हे नाट्य बघायचं तर इथेच.

तर वस्तू. ८ इंची म्हणजे २०३ मिलिमीटर आरसा, फोकल लेंथ १२०० मिलिमीटर, म्हणजे एफ ६. डॉब्सोनियन म्हणजे लाकडी भुश्याच्या बोर्डाचा फिरणारा बेस, त्यावर ट्यूब, मोटर नाही, कॉम्प्युटर नाही, हाताने ढकलायचा आणि हातानेच शोधायचा. सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं) आणि एक सरळ फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण). मला सगळा मिळून ५८ हजारांना पडला. ब्रँडचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ह्या साइझचे जे चार-पाच ब्रँड आपल्याकडे मिळतात ते आतून जवळपास सारखेच असतात आणि मला सांगायचंय ते साइझबद्दल आणि वापराबद्दल.

डिलिव्हरीचा अनुभव वाईट होता. ट्यूबचा खोका एका कोपऱ्यात चेपलेला, फाइंडरचा ब्रॅकेट तुटलेला, बेसचे दोन स्क्रू कमी. फोटो पाठवले, फोन केले, दुसरा ब्रॅकेट यायला साडेतीन आठवडे लागले आणि त्यात फेब्रुवारीची अमावास्या हातची गेली. आरसा मात्र शाबूत होता. खोका डिलिव्हरीवाल्यासमोरच उघडा आणि उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, मी काढला होता म्हणून ब्रॅकेट फुकट मिळाला.

बायकांना एक वेगळं सांगते कारण मी घ्यायच्या आधी हेच शोधत होते आणि कुणी नीट लिहिलेलं नव्हतं, एकटीला उचलतो का? उचलतो. ट्यूब वेगळी, बेस वेगळा, दोन फेऱ्या मारायच्या. ट्यूब कडेवर मूल घ्यावं तशी घ्यावी लागते, जड आहे पण मला झेपते, बेस धरायला जास्त त्रासाचा कारण त्याला धरायला नीट जागाच नाही. हॅचबॅकच्या मागच्या सीटवर ट्यूब आडवी बसते, बेस डिकीत बसत नाही, तो पुढच्या सीटवर ठेवून बेल्ट लावून नेते. १० इंची घ्यावा असं खूप वाटत होतं पण तो एकटीला रोज हलवणं अवघड, आणि घरातून बाहेर न निघणाऱ्या १० इंचीपेक्षा बाहेर निघणारा ८ इंची कधीही बरा.

मी नागपूरला राहते. गच्चीवरून कन्येच्या गॅलेक्स्या बघायचा प्रयत्न पहिल्या आठवड्यातच केला आणि एम ८७ चा मधला उजळ भाग आणि एम ४९ (एम म्हणजे मेसिए ह्या जुन्या फ्रेंच निरीक्षकाच्या यादीतला नंबर) एवढंच कसंबसं हाती लागलं, स्पायरल तर एकही नाही. स्पायरलचा प्रकाश मोठ्या चकतीवर पसरलेला असतो, तो शहराच्या उजेडात पार बुडून जातो. शिवाय एप्रिल म्हणजे लग्नसराई, दर दोन गल्ल्या सोडून लॉनवर हॅलोजन. दुकानवाल्याने "लाइट पोल्युशन फिल्टर लावा, गॅलेक्सी दिसेल" म्हणून साडेतीन हजारांचा फिल्टर गळ्यात मारला होता. कृपया घेऊ नका. तो फिल्टर नेब्युलासाठी, म्हणजे चमकणाऱ्या गॅसच्या ढगांसाठी आहे, नेब्युला ठराविक दोन-चार रंगांतच चमकतो म्हणून बाकीचं कापून टाकलं तर फायदा होतो. गॅलेक्सीचा प्रकाश म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मिळून सगळ्या रंगांचा प्रकाश, फिल्टर लावला की उजेडाबरोबर गॅलेक्सी पण जाते. आणि नवे तारे जिथे बनतात तिथला हायड्रोजन ज्या लाल रंगात पेटतो, ६५६ नॅनोमीटरचा, तो अंधाराला सरावलेल्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे स्टार फॉर्मेशनची जी सगळ्यात स्पष्ट खूण, नेमकी तीच रात्रीच्या डोळ्याला बंद. ह्यात टेलिस्कोपचा दोष नाही.

म्हणून मग पारशिवनीकडे मामांचं शेत गाठलं. तिथून पुढे पेंचचं जंगल, आणि पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळालीय, त्यामुळे त्या बाजूचं आकाश कसं असेल ते वेगळं सांगायला नको. नागपूरकरांना ही केवढी मोठी सोय आहे, दीड-दोन तासांत आपण खऱ्या अंधारात, ह्याचा उपयोग करून घ्या हो.

पहिल्याच रात्री कळलं की इथल्या उन्हाळ्यात आरसा थंड होणं हा मोठा विषय आहे. दिवसभर ४२-४३ डिग्री, ट्यूब खोलीत ठेवली तरी तापलेली, बाहेर काढल्या काढल्या बघितलं तर तारे उकळत्या पाण्यातून बघतोय असे हलतात. मी आता सूर्य बुडाला की लगेच ट्यूब अंगणात आडवी ठेवते, तोंडावर सुती ओढणी, आणि नऊनंतरच हात लावते. आमच्याकडे एप्रिलमध्ये दव मुळीच पडत नाही, आरसा कोरडा राहतो, कोकणातल्या लोकांना हे सुख नाही.

आता मुख्य गोष्ट, दिसतं काय.

२५ चा आयपीस लावला की ४८ पट मोठं दिसतं आणि एका वेळी एक डिग्रीहून थोडं जास्त आकाश, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी शेजारी बसतील एवढं. सिंहाच्या शेपटीचा तारा, उत्तरा फाल्गुनी, आणि कन्येतला विंडेमिएट्रिक्स ह्या दोघांच्या साधारण मध्यावर ट्यूब रोखली की एम ८४ आणि एम ८६ सापडतात. दोन गोल उजळ डाग, दोन डोळ्यांसारखे. ह्या दोघी स्पायरल नाहीत. पण त्यांच्याखाली एक बारीक ठिपका नाकासारखा, एनजीसी ४३८७ (एनजीसी ही नंतरची मोठी यादी), त्याच्याखाली आडवी रेघ तोंडासारखी, ती एनजीसी ४३८८, आणि एम ८६ च्या वर पुसट भुवई, ती एनजीसी ४४०२. चक्क चेहरा दिसतो! निरीक्षक मंडळी ह्या घोळक्याला चेहराच म्हणतात. टेलिस्कोप चित्र उलटं दाखवतो म्हणून तोंड वर आणि भुवई खाली होते, पण एकदा ओळखलं की विसरत नाही. भुवई दिसायला मला दोन रात्री लागल्या. दुसऱ्या रात्री अर्धा तास मोबाइल न बघता बसले, डोक्यावर चादर घेतली, नजर जरा बाजूला ठेवून ट्यूबला बोटाने हलकी टिचकी मारली, आणि ती रेघ हलली. हलणारी गोष्ट डोळा लवकर पकडतो.

तोंड आणि भुवई दोन्ही स्पायरल, दोन्ही आपल्याला कडेवरून दिसतायत, आणि दोघींचा गॅस ह्या क्षणी ओढला जातोय. एनजीसी ४३८८ च्या मागे हायड्रोजनची शेपटी पसरलीय, सुमारे साडेतीन लाख प्रकाशवर्षं लांब आणि वजनाला ३० कोटींहून जास्त सूर्य. एवढा माल एका गॅलेक्सीतून बाहेर पडलाय! मी तिथे बसून त्या बारक्या रेघेकडे बघत होते आणि मला खरंच गलबलून आलं, कारण शेपटी काही दिसत नाही, नुसती ती रेघ, पण आता ठाऊक असतं ना की ह्या रेघेच्या बाहेर केवढं काय सांडलंय.

मामा उठून आले होते, त्यांनी डोळा लावला. "मले त धूर दिसून राह्यला पोरी." मी म्हटलं धूरच आहे तो मामा, ताऱ्यांचा. मग त्यांना सांगितलं की क्लस्टरमध्ये गॅलेक्स्यांच्या मधली जागा रिकामी नसते, तिथे अडीच-तीन कोटी डिग्री तापलेला विरळ गॅस भरलेला असतो, इतका विरळ की एका लिटरमागे जेमतेम एखादा कण, पण गॅलेक्सी त्यातून सेकंदाला हजार-हजार किलोमीटरने धावते त्यामुळे तिला समोरून वारा लागतो, आणि त्या वाऱ्याने तिच्यातला गॅस उडून जातो, तारे मात्र जागचे हलत नाहीत. मामा लगेच म्हणाले, "म्हणजे उपणल्यावानी. भुसा उडते, दाना खाली राह्यते." मी इतकी वर्षं ह्यावर वाचतेय पण मला कधी हे सुचलं नाही. गव्हाचं खळं तिथेच शेजारी होतं. फरक एवढाच की खळ्यावर वारा येतो आणि इथे टोपलं स्वतःच वाऱ्यात पळतंय, गाडीवर बसलं की स्थिर हवेतही तोंडावर वारा लागतो तसं.

ह्याचं गणित गन आणि गॉट ह्या दोघांनी १९७२ मध्ये मांडलं. वाऱ्याचा दाब म्हणजे बाहेरच्या गॅसची घनता गुणिले वेगाचा वर्ग, आणि तो दाब गॅलेक्सीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पकडीपेक्षा जास्त झाला की गॅस सुटतो. वर्ग आहे म्हणून वेग दुप्पट झाला की दाब चौपट. पकड कडेला सैल असते आणि मध्याशी घट्ट, त्यामुळे गॅस बाहेरून आत असा सोलला जातो, आणि म्हणून क्लस्टरमधल्या बऱ्याच स्पायरलमध्ये तारे बनायचं काम फक्त मधल्या भागात उरलेलं असतं, बाहेरचे हात विझलेले. कन्येतल्या स्पायरल तपासल्या तेव्हा जवळपास निम्म्यांच्या बाबतीत हेच निघालं, तारे बनण्याची चकती कडेने कापलेली.

आता एम ९०. मी ज्या एका गॅलेक्सीसाठी हा सगळा खटाटोप केला ती हीच. मेसिएने १७८१ च्या १८ मार्चला एकाच रात्री कन्येतल्या आठ गॅलेक्स्या नोंदवल्या, एम ८४ ते एम ९१, त्यातली ही एक. ८ इंचीत ती लांबट, मऊ, मध्ये एक ताऱ्यासारखा टोकदार उजळ ठिपका आणि बाजूने हळूहळू विरत जाणारी दिसते. कुठेही गाठ नाही, खडबडीतपणा नाही. १० चा आयपीस लावून १२० पटीवर पंचवीस मिनिटं बघत बसले, नुसती गुळगुळीत. १९७६ मध्ये सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी अशा स्पायरलना नाव दिलं ॲनिमिक, म्हणजे रक्त कमी झालेल्या, पांढुरक्या. हात आहेत पण हातात काही नाही. एम ९० त्यातली अगदी नमुन्याची. तिच्यात नवे तारे आता फक्त आतल्या भागात बनतात, बाहेरचा गॅस सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी निघून गेला असा अंदाज आहे.

आणि हिचा वेग बघा. बाकी बहुतेक गॅलेक्स्या आपल्यापासून लांब जातायत, कन्या क्लस्टर एकूण सेकंदाला हजार-अकराशे किलोमीटरने दूर चाललंय, आणि एम ९० मात्र सेकंदाला सुमारे २३५ किलोमीटरने आपल्याकडे येतेय. म्हणजे क्लस्टरच्या हिशोबाने ती तेराशेच्या आसपास वेगाने आपल्या दिशेने सुटलीय. आता वरचा तो वेगाचा वर्ग आठवा, म्हणजे तिचा गॅस का गेला हे वेगळं विचारायची गरज राहत नाही. २०१६ मध्ये तिच्या मागे सुटलेल्या आयनित (इलेक्ट्रॉन सुटलेल्या) गॅसची लांबलचक शेपटीही सापडली.

त्याच रात्री लगेच एम ९९ वर गेलात तरच एम ९० चं मोल कळतं. उत्तरा फाल्गुनीच्या पूर्वेला साडेसहा डिग्रीवर ६ कोमी नावाचा तारा आहे, त्याच्या पश्चिमेला अर्ध्या डिग्रीवर एम ९८ आणि आग्नेयेला पाऊण-एक डिग्रीवर एम ९९. ती गोल आहे, एम ९० पेक्षा जरा अंधुक, पण नितळ रात्री तिरक्या नजरेने ती एकसारखी वाटत नाही, एका बाजूला जास्त पसरलेली, डागाळलेली. तो तिचा एक मोठा हात. मी आधी फोटो बघितलेला होता त्यामुळे मन फसवत असेल म्हणून भाचीला काहीही न सांगता दोन्ही दाखवल्या. सातवीत आहे ती. आधी एम ९० बघून म्हणाली, "मावशी, ही कापसासारखी आहे," आणि एम ९९ बघून, "ही फाटकी आहे, एका बाजूने लांब." मला एवढंच हवं होतं. एम ९९ क्लस्टरच्या बाहेरच्या बाजूला आहे, गॅस भरपूर, तारे जोरात बनतायत, आणि तिचा तो एकांगी हात बहुधा कुणाच्या तरी जवळून गेल्यामुळे ओढला गेलाय, तिच्याही मागे हायड्रोजनचा सात-आठ लाख प्रकाशवर्षं लांब पट्टा आहे. म्हणजे गॅस फक्त वाऱ्यानेच जातो असं नाही, शेजारणीच्या ओढीनेही जातो.

बाकीच्या पटापट. एम १०० मोठी पण फार विरळ, मध्ये छोटा उजळ गाभा, हात मला दिसले नाहीत. हबलने १९९४ मध्ये हिच्यातले सेफीड तारे (ठराविक लयीत उजळ-मंद होणारे) मोजून अंतर काढलं ५.६ कोटी प्रकाशवर्षं. एम ८८ लांबट आणि सुंदर, नवख्या माणसाला आधी हीच दाखवावी. एम ९१ ही पण ॲनिमिकच, मध्ये दांडा असलेली, गॅस कमी. मेसिएने तिची जागा चुकीची नोंदवली होती त्यामुळे ही यादीतली हरवलेली गॅलेक्सी होती, १९६९ मध्ये एका हौशी निरीक्षकाने चूक कुठे झाली ते शोधून काढलं तेव्हा कुठे सापडली. कोमा क्लस्टर पण करून बघितलं, ते ३० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे, तिथल्या दोन मोठ्या लंबगोल गॅलेक्स्या कशाबशा दिसल्या, स्पायरलचं नाव नको. एनजीसी ४५२२, जिचा गॅस चकतीतून बाहेर उचललेला फोटोत स्पष्ट दिसतो, ती मला तिन्ही अमावास्यांना शोधून मिळाली नाही. ती १२ मॅग्निट्यूडपेक्षाही अंधुक आहे (हा आकडा जितका मोठा तितकी गोष्ट अंधुक), ८ इंचीची मर्यादा इथे येते.

आता टेलिस्कोपमधली खरी अडचण. नागपूरचा अक्षांश २१ आणि कन्या क्लस्टर आकाशाच्या विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १२ ते १६ अंशांवर, म्हणजे एप्रिलअखेर रात्री साडेदहाला ते जवळजवळ डोक्यावर येतं. गॅलेक्सी बघायला ही उत्तम जागा कारण मध्ये हवेचा थर सगळ्यात कमी. पण डॉब्सोनियनला नेमकं डोक्यावरच वळता येत नाही, ट्यूब उभी झाली की बाजूला ढकलायला टेकूच उरत नाही, जराशा हलवण्यासाठी सगळा बेस गरकन फिरवावा लागतो आणि सापडलेली गोष्ट हातची जाते. ह्या प्रकारच्या सगळ्याच टेलिस्कोपचं असं आहे. आणि सरळ फाइंडर असल्यामुळे मान इतकी मागे वाकवावी लागते की दुसऱ्या दिवशी शेक घ्यावा लागला. ह्यावर मी दोन उपाय केले. काटकोनात वळलेला फाइंडर वेगळा घेतला, हा खर्च धरूनच चला. आणि वेळ बदलली, क्लस्टर माथ्यावर यायच्या दीड तास आधी किंवा दीड तास नंतर बघते, तेव्हा ते क्षितिजापासून ६५-७० अंशांवर असतं, ट्यूब नीट ऐकते.

१० चा आयपीस ठीकठाक, कडेला तारे ताणलेले दिसतात. पुढेमागे एक बरा १५ च्या आसपासचा घ्या, गॅलेक्सीसाठी ८० पट हा मला सगळ्यात गोड आकडा वाटला, आकाश काळं होतं आणि गॅलेक्सी अजून विरलेली नसते. आरशाची जुळवणी दर वेळी गाडीतून नेल्यावर बिघडते, पाच मिनिटांचं काम आहे, पहिल्यांदा भीती वाटते मग हात बसतो. बेसचा बोर्ड पाण्याने फुगतो, ओल्या शेतात थेट मातीवर ठेवू नका, मी खाली जुना रबरी मॅट टाकते.

आणि जे टेलिस्कोपमधून दिसत नाही त्याची सोय फुकट आहे. गॅस स्वतः दिसतो रेडिओत, हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरीवर. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, मी एका विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला गेले होते तिथे, त्या डिशखाली उभं राहून हायड्रोजनची गोष्ट ऐकली ती विसरणं शक्य नाही. कन्येतल्या गॅलेक्स्यांचे गॅसचे नकाशे अमेरिकेतल्या व्हीएलए ह्या रेडिओ दुर्बिणीने काढले, ५३ गॅलेक्स्यांचे, ते २००९ मध्ये छापून आले. क्लस्टरच्या मध्यावरच्या एम ८७ च्या जवळच्या स्पायरलमध्ये गॅसची चकती ताऱ्यांच्या चकतीपेक्षाही लहान झालेली, आणि मधल्या अंतरावरच्या सात गॅलेक्स्यांना एकाच बाजूला शेपट्या, बहुतेक एम ८७ पासून उलट दिशेला. मी हे नकाशे प्रिंट काढून टेलिस्कोपजवळ ठेवते, लाल टॉर्चमध्ये आधी नकाशा बघायचा आणि मग आयपीसमध्ये डोळा. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने ५१ गॅलेक्स्यांचा थंड दाट रेणूंचा गॅसही मोजलाय, ज्यातून प्रत्यक्ष तारे बनतात तो, आणि त्यावरही क्लस्टरचा परिणाम दिसतो. हा दाट गॅस एरवी साधारण दोन अब्ज वर्षं पुरतो, म्हणजे वारा नसला आणि नुसता बाहेरून येणारा पुरवठा बंद झाला तरी गॅलेक्सी विझते, फक्त सावकाश, नवीन सिलिंडर यायचं बंद झालं आणि आहे त्यावर स्वयंपाक चाललाय असं.

घरी आल्यावर अलादीन लाइट नावाचा आकाशाचा नकाशा उघडते. फुकट आहे, ब्राउझरवर चालतं, मोबाइलवरही. त्यात गॅलेक्स नावाच्या अवकाश दुर्बिणीचा अल्ट्राव्हायोलेट थर लावायचा. अल्ट्राव्हायोलेट म्हणजे मुख्यतः तापलेले तरुण तारे, जे फार वर्षं जगत नाहीत, त्यामुळे तिथे उजेड दिसला की अलीकडेच तारे बनलेत असं समजायचं. एम ९९ लावा, निळ्या गाठीच गाठी. एम ९० लावा, मधला भाग उजळ आणि बाहेरचे हात जवळजवळ गायब. रात्री डोळ्याने जो गुळगुळीतपणा बघितला त्याचं कारण इथे समोर येतं. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या युव्हीआयटी ह्या अल्ट्राव्हायोलेट दुर्बिणीनेही हे काम केलंय, एबल ८५ क्लस्टरमधली जेओ २०१ नावाची गॅलेक्सी, तिचा गॅस इतका मागे ओढला गेलाय की ती जेलीफिशसारखी दिसते, आणि त्या लोंबणाऱ्या गॅसमध्ये, गॅलेक्सीच्या बाहेर, नवे तारे बनताना दिसले. २०१८ चा पेपर आहे तो. ते वाचलं त्या दिवशी मी ऑफिसात कुणाकुणाला सांगत सुटले होते.

कुणी घ्यावा? ज्याला गाव, शेत, धरणाचा काठ, काहीतरी अंधारं ठिकाण महिन्यातून एकदा तरी गाठता येतं त्याने डोळे मिटून घ्यावा. ज्याला फक्त शहरातल्या बाल्कनीतून बघायचंय त्याने गॅलेक्सीसाठी घेऊ नये, चंद्र-गुरूसाठी घ्या, ते ह्यातून सुरेख दिसतात. मुलांना एकदम गॅलेक्सीवर नेऊ नका, आधी एम १३ सारखा ताऱ्यांचा गुच्छ दाखवा, डोळा जरा तयार होऊ द्या. ५ पैकी ४ देते, एक कापला तो फाइंडर आणि दहाचा आयपीस ह्यांच्यासाठी, डिलिव्हरीचा राग त्यात धरलेला नाही.

सध्या पावसाळा आहे, ट्यूब दोन्ही बाजूंनी झाकून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटाशेजारी उभी आहे, पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर गरम करून परत टाकते. मार्चमध्ये पहिलं काम एनजीसी ४५२२, मामांनी विहिरीजवळचा दिवा काढून टाकायचं कबूल केलंय.